अक्षर आधी कानात उमटतं

साडेचार वर्षांचं मूल कागदावर ‘पण’ लिहितं आणि सांगतं, “बघ, मी पाणी लिहिलं!” घरातलं मोठं माणूस लगेच पेन्सिल उचलून काना आणि वेलांटी देऊन टाकतं. एवढी घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. बोललेला शब्द मुलाने कानाने फोडला, त्यातले प आणि ण वेगळे ऐकले आणि त्यांची चिन्हं आठवून कागदावर उतरवली. वाचन-लेखनातलं सर्वांत अवघड काम तर झालेलंच आहे.

काना-मात्रा मागाहून येतात, कारण त्या खरंच अवघड आहेत. ‘कि’मधली पहिली वेलांटी तर ऐकू येते ‘क’नंतर आणि लिहायची असते ‘क’च्या आधी!

लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूचा वेगळा भाग उत्क्रांत होणं शक्य नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांच्या मते, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा वाचन शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. त्याची जुनी सवय अशी, की कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच. अक्षरांना ही सवय चालत नाही. म्हणून मुलं ३ काढायला जातात आणि ६ होतो. पाच-सहा वर्षांच्या वयात हे सर्रास दिसतं, त्यावरून रागावू नये.

कानाची तयारी मात्र अक्षरओळखीच्या आधीच सुरू करता येते. मानसशास्त्रज्ञ लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवलं, की यमकं आणि सारखे आवाज ओळखू शकणारी चार-पाच वर्षांची मुलं पुढे वाचनातही सरस ठरतात. आवाजांच्या या खेळाला अक्षरांची जोड दिली, तेव्हा फायदा सर्वांत जास्त झाला. “‘माकड’मधला ‘मा’ काढला तर काय उरतं?” हा खेळ जिना चढतानाही खेळता येतो.

आता गिरवण्याबद्दल. मेंदूशास्त्रज्ञ कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली, अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने काढायला, काही गिरवायला आणि काही कीबोर्डवर दाबायला दिली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते फक्त स्वतः काढलेल्या अक्षरांना. त्यांचं स्पष्टीकरण असं, की स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं आणि त्या वेगळेपणातूनच त्याचं मूळ रूप मनात पक्कं होतं. पानंच्या पानं गिरवून घेण्यापेक्षा वाकडीतिकडी दहा अक्षरं मला म्हणूनच मोलाची वाटतात.

गोष्ट वाचून दाखवताना मुलांची नजर चित्रांवरच असते, ओळींवर क्वचितच जाते. शब्दांखालून बोट फिरवलं की ती तिकडे वळते. मध्येच थांबून “आता तो काय करेल?” असं विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी. एकच गोष्ट शंभरदा मागितली तरी ती वाचावी.

आणि तो ‘पण’? पेन्सिल खाली ठेवा, “मला वाचून दाखव” म्हणा. मूल ‘प’वर बोट ठेवून “पाऽऽ” म्हणतं आणि किंचित थबकतं. काना दाखवायची वेळ ती.