नाण्यावरचा द्राक्षघड : देवाचा की व्यापाऱ्याचा?

नागपुरात जुन्या नाण्यांचा विषय निघाला की गाडी सातवाहनांवर येते. १९३९ मध्ये तऱ्हाळ्याला (तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) पोटीन (तांबं, कथिल, शिसं यांचा मिश्रधातू) नाण्यांचा मोठा साठा सापडला. नागपूरच्याच एका संस्कृत पंडिताने तो वाचला आणि पुराणांत नसलेले राजे उजेडात आले. तेव्हापासून इथे आधी अक्षरं पाहतात, मग चित्र. ग्रीक नाण्यांचा कलाइतिहासकार मात्र चित्रापासून सुरुवात करतो, आणि तिथे वाइन लगेच भेटते.

मेंडे या ग्रीक शहराच्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या चांदीच्या नाण्यावर वाइनचा देव डायोनायसस प्याला घेऊन गाढवावर रेललेला आहे, नाण्याच्या मागच्या बाजूला घडांनी लगडलेली वेल. सिसिलीतल्या नॅक्सॉसच्या नाण्यांवरही तोच देव, तीच द्राक्षं.

वाद पेटला तो अशी चित्रं नाण्यावर का आली यावरून. १८७० मध्ये एका जर्मन विद्वानाने ही चित्रं मुळात धार्मिक असल्याचं मांडलं. १८९२ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासकाने उलट बाजू घेतली: टेनेडॉस, सायझिकस या ग्रीक शहरांच्या नाण्यांवरची कुऱ्हाड आणि मासा ही नाण्याआधीच्या विनिमयातल्या वस्तूंची आठवण आहे. पुढे याचं सोपं रूप रुजलं, की घड म्हणजे गावच्या मालाची जाहिरात. हे रूप टिकत नाही. थासॉस या ग्रीक बेटाने वाइनच्या व्यापारावर दगडात कोरलेले कायदे केले, परक्या वाइनला आपल्या किनाऱ्याच्या पट्ट्यात मज्जाव केला. पण पाचव्या शतकात बराच काळ त्याच्या नाण्यावर होता अप्सरेला पळवणारा सॅटर, म्हणजे डायोनायससच्या गोतावळ्यातला अर्धपशू. माल विकायचा तर हे चित्र कोण निवडेल? आणि कॉरिंथ तर पंखांचा घोडा छापत होतं, तो काय विकायला? धर्मवाल्यांचंही सगळं बरोबर नाही, पण त्यांच्या चुका कमी महागात पडतात.

दख्खनमध्येही अशीच घाई झाली. भडोचला इटालियन वाइन उतरत असे, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. त्यामुळे उत्खननातली कित्येक खापरं रोमन वाइनकुंभांची ठरवली गेली. त्यातली बरीचशी आतून डांबर लावलेल्या मेसोपोटेमियन रांजणांची निघाली. सातवाहनांच्या नाण्यांवर मात्र हत्ती आणि उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं).

घडात आधी माल दिसतो ही सवय आपली आहे: द्राक्ष म्हणजे शेती, उद्योग, महसूल ही भाषा महाराष्ट्रात २००१ च्या वाइन धोरणापासून रुळली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकण्याचा निर्णय झाला, गदारोळ उठला आणि अंमलबजावणी अडली. नागपूरला लागून असलेला वर्धा जिल्हा तर दारूबंदीचाच.