पाऊस लावून झोपताना

छत गळत असेल तर रात्री एक विचित्र गोष्ट लक्षात येते. बाहेर पत्र्यावर संततधार कोसळत असते. तिचा आवाज खोलीतल्या बादलीत पडणाऱ्या थेंबापेक्षा कितीतरी मोठा, तरी झोपमोड करतो तो थेंबच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखालचा मायक्रोफोन लावून या ‘टप्’चा उगम शोधला. थेंब पाण्यावर आदळतो त्याचा आवाज जवळपास नसतोच. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, खळगा भरून येताना तळाशी हवेचा इवलासा बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि त्याच्यामुळे वरचा पृष्ठभागही हलतो. ऐकू येतं ते हे. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकले की पृष्ठताण घटतो, बुडबुडा अडकत नाही आणि टपटप थांबते. पावसाळ्यात करून बघायला हरकत नाही.

पण एवढासा थेंब जागं ठेवतो आणि पत्र्यावरचा पाऊस झोपवतो, असं का?

डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत. झोपेतही मेंदू आवाजांवर पहारा ठेवून असतो आणि नेमकं कशाला उठायचं ते निवडतो. झोपलेल्या माणसाचा मेंदू इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला जास्त प्रतिसाद देतो, हे १९६० मध्येच मेंदूलहरींच्या नोंदींतून दिसलं होतं. पहारेकऱ्याला आवाज किती मोठा आहे यापेक्षा काय बदललं यात जास्त रस असतो. अतिदक्षता विभागातला गोंगाट झोपलेल्या लोकांना ऐकवून २००५ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. जाग येणं हे आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो आजूबाजूच्या पातळीपासून किती उसळला यावर जास्त अवलंबून आहे, असं त्यात दिसलं.

आकड्यांत बघू. खोलीत ३० डेसिबल शांतता आहे आणि रस्त्यावरचा हॉर्न उशीपाशी ५५ डेसिबलने पोहोचतो. उसळी २५ची. आता खोलीत स्पीकरवर पावसाचं रेकॉर्डिंग लावलंय, ४२ डेसिबलचा एकसारखा पाऊस चालू आहे असं धरा. हॉर्न तितकाच राहतो, पण उसळी १३वर येते. पाऊस हॉर्नला पुसत नाही, फक्त जमीन वर उचलतो.

यातच त्याची मर्यादाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनानुसार शयनगृहात सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि अधूनमधून येणारा आवाज ४५च्या आत असावा. म्हणजे पाऊस लावणं ही तडजोडच झाली. ज्याची खोली मुळात शांत आहे त्याने रात्रभर पाऊस लावण्यात काही राम नाही.

आवाज कोणता लावायचा, हे झोप कशामुळे अडते त्यावर ठरवावं. बाहेरच्या गोंगाटाचा त्रास असेल तर पाऊस, धबधबा किंवा ओढा घ्यावा. असंख्य थेंबांचे आवाज एकमेकांत मिसळून जाड, सलग पट्टा तयार होतो आणि त्यात फट राहत नाही. समुद्राच्या गाजेत मात्र फटी असतात. मोठ्या लाटा साधारण ८ ते १२ सेकंदांनी येतात आणि दोन लाटांच्या मधल्या शांततेत कुत्र्याचं भुंकणं बरोबर ऐकू येतं. बाहेर शांत आहे पण डोक्यातले विचारच थांबत नाहीत, अशा वेळी तीच गाज कामाची ठरते, कारण लक्ष टेकवायला तिला एक लय असते. लाटेबरोबर श्वास घ्या, असं सांगितलं जातं ते जपून घ्यावं. निवांत माणूस ४-५ सेकंदांत एक श्वास घेतो. एका लाटेला दोन श्वास आरामात बसतात, एकच ओढून ताणून बसवला तर दम लागू शकतो. रातकिड्यांची किरकिर बहुतेक ४-५ हजार हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात असते. ती बाकीचं फारसं झाकत नाही आणि वयस्कर कानांना बऱ्याचदा नीट ऐकूही येत नाही. विजांचा गडगडाट, पक्षी, बेडकांचं डरांव डरांव असलेली रेकॉर्डिंग सरळ वगळावीत. त्या उसळ्याच आहेत.

बहुतेकांचा प्रयोग फसतो तो मोबाइलच्या स्पीकरमुळे. त्या बोटभर स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, म्हणून पाऊस भजी तळल्यासारखा चरचरतो. शिवाय खर्जातला आवाज वरच्या सुरांना सहज झाकतो, उलटं सहज होत नाही. ट्रकची घरघर खर्जातली, मोबाइलचा पाऊस वरच्या पट्टीतला, त्यामुळे आवाज कितीही वाढवला तरी घरघर तशीच ऐकू येते आणि कान तेवढे शिणतात. बऱ्यापैकी मोठा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा, नाहीतर छताचा पंखाच बरा. इअरफोन लावून झोपू नये. कूस बदलली की टोचतात आणि धोक्याची हाकही ऐकू येत नाही.

स्पीकर उशाशी नको. गोंगाट ज्या खिडकीतून येतो तिच्याजवळ, उशीपासून निदान २ मीटरवर ठेवावा. पातळी आडवं पडून, डोकं उशीवर ठेवून जुळवायची: शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावं आणि बाहेरचे आवाज बोथट वाटू लागले की थांबावं. उशीपाशी ४५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. मोबाइलवरचं मोजणीचं ॲप काही डेसिबलने चुकू शकतं, म्हणून एक साधी खूण: शेजारी झोपलेल्या माणसाचं हळू आवाजातलं बोलणं कळलं पाहिजे.

रेकॉर्डिंग निदान तासाभराचं, डाउनलोड केलेलं असावं आणि फोन फ्लाइट मोडवर असावा, ब्लूटूथ तेवढं चालू ठेवून. मध्येच जाहिरात लागली तर सगळं मुसळ केरात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणंही चालत नाही. निव्वळ खरखरीतलासुद्धा तोच तुकडा परत परत आला की कान तो नकळत पाठ करतात, असं २०१०च्या एका फ्रेंच प्रयोगात आढळलं आहे. सांधा ओळखीचा झाला की माणूस त्याची वाटच बघत बसतो.

टायमरचं असं आहे: अडचण फक्त झोप लागण्याची असेल तर ४५ मिनिटं पुरतात, पण शेवटची १० मिनिटं आवाज उतरत जायला हवा. एकदम बंद होणं हाही बदलच. पहाटे चारला सोसायटीचा पंप सुरू होऊन झोप मोडत असेल तर टायमर निरुपयोगी, तिथे कमी आवाजात सकाळपर्यंत चालू ठेवावं लागतं.

‘पिंक नॉइजने (म्हणजे खालच्या सुरांवर भर असलेल्या सलग खरखरीने) गाढ झोप वाढते’ असं जागोजागी वाचायला मिळतं. मूळ २०१३चा जर्मन प्रयोग वेगळाच होता. त्यात गाढ झोपेतली मेंदूलहर वर चढताना, नेमकी वेळ साधून, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा आवाज दिला होता. रात्रभर खरखर लावणं म्हणजे तो प्रयोग नव्हे. सलग आवाज आणि झोप यांवरच्या ३८ अभ्यासांचा २०२१ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा पुराव्याचा दर्जा फारच कमी ठरला. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपेची तक्रार असेल तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती हा पहिला उपाय आहे, पाऊस फार तर तिच्या जोडीला.

बाळासाठी जास्तच जपावं. २०१४ मध्ये तपासलेल्या १४ बेबी स्लीप मशीनपैकी तीन पूर्ण आवाजात ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलच्या वर गेली. पाळण्याला यंत्र टांगू नये, दूर ठेवावं.

आणि जोडीदाराच्या घोरण्यावर पाऊस लावण्याआधी दोन-तीन रात्री नीट ऐकावं. घोरणं मध्येच थांबतं का, १० सेकंद किंवा जास्त शांतता आणि मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास येतो का? तसं असेल तर तो आवाज झाकायचा नाही, रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवायचा.