उपग्रह रडारद्वारे जहाजे व सागरी बांधकामांचा शोध

उपग्रहावरील रडारच्या प्रतिमांतून समुद्रातली जहाजे, तेलाचे प्लॅटफॉर्म, पवनचक्क्या इ. हुडकण्याची पद्धत. रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि परत आलेले टिपते, त्यामुळे रात्र आणि ढग दोन्ही आड येत नाहीत. पावसाळ्यात अरबी समुद्र ढगांखाली गेला की साध्या छायाचित्रांचा उपयोग संपतो, रडारचे काम चालूच राहते.

रडार तिरपे पाहते. संथ पाणी आरशासारखे वागते, तरंग पुढे निघून जातात आणि पाणी काळे उमटते. पोलादी जहाजावर एकमेकांना काटकोनात असलेले पृष्ठभाग पुष्कळ. ते तरंग आल्या वाटेने परत पाठवतात व पांढरा ठिपका उमटतो. वारा वाढला की पाणीही उजळते आणि लहान बोटी त्यात हरवतात. म्हणून संगणकाला उजेडाची एकच ठरावीक मर्यादा देऊन भागत नाही. प्रत्येक पिक्सेलची तुलना भोवतालच्या वलयातील पाण्याशी केली जाते. अगदी लगतचे पिक्सेल मुद्दाम वगळतात, कारण जहाजाचाच काही भाग तिथे पसरलेला असू शकतो. एवढे करूनही वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांसारखी छोटी बेटे जहाज म्हणून गणली जाऊ शकतात.

चालत्या जहाजाची गंमत वेगळीच. ते रडारच्या दिशेने किंवा उलट सरकत असेल, तर प्रतिमेत मूळ जागेवरून बाजूला उमटते. सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात सेकंदाला 5 मीटर वेगाने हे अंतर अर्ध्या किलोमीटरच्या घरात जाते. पाण्यावरचा फेसाळ माग एकीकडे आणि जहाज दुसरीकडे!

अमेरिकेच्या सीसॅट उपग्रहाने 1978 मध्ये अवकाशातून अशा प्रतिमा घेतल्या. तो काही महिन्यांतच बंद पडला. खरा फरक पडला तो 2014 पासून, सेंटिनेल-1 च्या प्रतिमा सर्वांना मोफत मिळू लागल्यावर. भारताने रिसॅट-1 (2012) व ईओएस-04 (2022) हे रडार उपग्रह सोडले.

ठिपका सापडणे सोपे, तो कशाचा हे ठरवणे अवघड. मुंबईपासून सुमारे 160 किमी. दूर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले आहेत. शेजारी पुरवठा जहाज लागले तर दोन्ही मिळून एकच ठिपका होतो. उपाय म्हणजे त्याच जागेच्या अनेक दिवसांच्या प्रतिमा घेऊन प्रत्येक पिक्सेलचे मध्यक मूल्य (सर्व मूल्ये क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) काढणे. येणारी-जाणारी जहाजे पुसली जातात, प्लॅटफॉर्म उरतात. समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी जॅक-अप रिग (तेलविहीर खोदणारा मंच) मात्र इथेही चकवते : काही महिने बांधकाम, मग पुन्हा तरंगती. 1974 मध्ये मुंबई हायचे तेल शोधणारी ‘सागर सम्राट’ याच प्रकारची.

उरलेले ठिपके जहाजांच्या एआयएस (जहाजाची ओळख व जागा आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा) संदेशांशी जुळवतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 टनांवरील जहाजांना ही यंत्रणा सक्तीची आहे. 2017 ते 2021 या काळातील प्रतिमांवर आधारलेला, ‘नेचर’मध्ये जानेवारी 2024 मध्ये आलेला अभ्यास सांगतो, की जगातील सुमारे तीन-चतुर्थांश औद्योगिक मासेमारी बोटी अशा सार्वजनिक संदेशांत दिसतच नव्हत्या. त्या सगळ्या चोरट्या ठरवणे चूक होईल. अनेक बोटींवर ही सक्तीच नाही. शिवाय या मोजणीत कोकणातल्या लाकडी-फायबरच्या छोट्या होड्यांसारख्या होड्या जवळपास येतच नाहीत. त्यांचा प्रतिध्वनी क्षीण असतो आणि सेंटिनेल-1 च्या नेहमीच्या प्रतिमेची एका दिशेची स्पष्टताच 20 मीटरची आहे, म्हणजे त्याहून जवळच्या गोष्टी वेगळ्या उमटत नाहीत.