पन्नीची वाकळ

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शिवारात एक फेरी मारावी. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याच्या कोपीत पांडव पूजायचे, भज्जी-उंडे खायचे, वर आंबील. ही आंबील अजूनही बिंदग्यातच मुरते, पण पाहुण्याच्या हातात येते ती प्लास्टिकच्या पेल्यातून. या पेल्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. हरभऱ्याच्या सरीतल्या पेल्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. यंदा शाळेतल्या पोरांनी पेले, बाटल्या, फरसाणाचे पुडे, दूधपिशव्या, पिकात अंथरायचा फाटका मल्चिंग पेपर असं सगळं वेचलं. युरियाची सहा-सात पोती भरली. मग पुढचा प्रश्न आला, याचं करायचं काय?

पहिली सूचना हत्तीची होती. बाटल्यांचा हत्ती, गावाच्या चौकात. गावकऱ्यांना ती फार आवडली. मी मोडता घातला तो उन्हामुळं. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या जागोजागी तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की वस्तू ठिसूळ होते आणि हात लावला तरी भुगा पडतो. हा भुगा कुजत नाही. तो फक्त बारीक होत जातो आणि पहिल्या पावसात नाल्याला लागतो. ठिबकच्या नळ्या आणि शेततळ्याचा कागद काळा का असतो, याचं उत्तरही इथंच आहे. त्यात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते. ती किरण स्वतः शोषून घेते आणि साखळ्या वाचवते. आपल्या हत्तीला काजळी कोण फासणार? मराठवाड्यातले दोन उन्हाळे काढले की तो चौकातच मायक्रोप्लास्टिक पेरत उभा राहिला असता. गावोगावच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ पुतळ्यांबद्दल मला हीच तक्रार आहे. कचऱ्याला आकार देऊन तो पुन्हा उन्हात ठेवायचा, फक्त आता त्याच्यासोबत फोटो काढायचे.

हे बोलणं एका पोराची आजी ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “सर, मग वाकळ शिवा की. चिंध्याच हायत ना ह्या?”

तिला ठाऊक नव्हतं, पण असाच विचार लॉस एंजलिसमध्ये दोघी बहिणींनी केला होता. मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम या जुळ्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या शेजारच्या. तिथलं प्रवाळ मरत चाललेलं पाहून 2005 मध्ये त्यांनी क्रोशानं लोकरीचं प्रवाळ विणायला घेतलं. त्यामागं गणित होतं. डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये दाखवून दिलं होतं की क्रोशात दर काही टाक्यांनंतर एक टाका नेमानं वाढवत गेलं, की कागदावर न उतरणारा, कडेला झालरीसारखा लहरत जाणारा अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग हातात तयार होतो. प्रवाळाच्या झालरी याच घाटाच्या असतात. पुढं जगभरच्या हजारो जणी त्यात आल्या. टाके वाढवायचा नियम प्रत्येकीनं थोडा बदलला आणि प्रवाळाच्या नव्या जाती निघत गेल्या. काही भाग तर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून विणला गेला. लोकसहभागाच्या कलेतलं मला आवडतं ते हे. माणसं बघायला येत नाहीत, करायला येतात, आणि करताना हातांना काहीतरी कळतं.

आमच्या बायाबापड्यांच्या हातांना काय कळलं, ते सांगतो.

तळाला युरियाचं पोतं, वरून ठिगळं, दाभण आणि जाड दोरा. दूधपिशवी पहिल्या झटक्यात पास झाली. ती कमी घनतेच्या पॉलिथिनची, म्हणजे एलडीची. साखळ्यांना फांद्या असल्यामुळं त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत, म्हणून पिशवी मऊ असते. दाभण टोचलं की ती ताणते आणि दोऱ्याभोवती बसते. खुळखुळ वाजणारी पातळ कॅरीबॅग वेगळी. तीही पॉलिथिनच, पण सरळ साखळ्यांचं, म्हणजे एचडी. त्या ओळीनं रचल्या जातात, म्हणून कडकपणा आणि आवाज. आज्ज्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘मुकी’ आणि ‘बोलकी’ असे दोन ढीग केले. पॉलिमरच्या पुस्तकात ज्याला स्फटिकता म्हणतात, त्याला याहून चांगले शब्द मला सुचणार नाहीत.

फरसाणाच्या चकचकीत पुड्यानं मात्र सगळ्यांना जेरीस आणलं. बोटांनी ओढून तो फाटत नाही, पण एक भोक पडलं की टर्रकन शेवटपर्यंत जातो. धावदोरा घालत गेलं की भोकांची ओळ तयार होते आणि पोस्टाच्या तिकिटासारखा तुकडा त्या ओळीवर सुटून येतो. कारण हा पॉलिप्रोपिलिनचा (पीपीचा) पापुद्रा कारखान्यात उभा-आडवा ताणून बनवलेला असतो. ताणल्यानं साखळ्या पसरून घट्ट बसतात, ताकद वाढते, पण एकदा चीर पडली की तिला अडवायला मध्ये काही उरत नाही. आतली चमक ॲल्युमिनियमची. त्याचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि तेवढाच ओल आणि ऑक्सिजन बाहेर ठेवतो. त्याच्या खाली पुन्हा वेगळा पापुद्रा. तीन वस्तूंची ही जुळणी शेव कुरकुरीत ठेवण्यासाठी अफलातून आहे, आणि शेव संपली की तीच आडवी येते. ती उसवायची कशी?

वाकळ शिवणारी बाई प्रत्येक चिंधी ओळखते. हे सासूचं लुगडं, हे धोतर, हे विटलंय, हे अजून दहा वर्षं जाईल. पुनर्वापराच्या कारखान्याची भिस्तही अशाच ओळखीवर असते. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन चुलतभाऊ म्हणावेत इतके जवळचे, पण वितळवून एकत्र केले तर तेल-पाण्यासारखे वेगळे राहतात आणि थंड झाल्यावर त्याच सांध्यावर तडकतात. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट (PET), साधारण 250 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात चिमूटभर पीव्हीसी मिसळलं तर ते त्याच्या आधीच जळू लागतं, आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. शिवाय निवडून वितळवलं तरी दर वेळी उष्णतेनं काही साखळ्या तुटतातच. म्हणून बहुतेक वेळा बाटलीची पुन्हा बाटली होत नाही. तिचा धागा होतो, उशीचा कापूस होतो. साधी ओळख घरीही करता येते. बाटलीचे आणि तिच्या टोपणाचे तुकडे कापून पाण्यात टाका. साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर हवेचे बुडबुडे फसवतात. बाटली बुडेल, टोपण तरंगेल. कारखान्यातही हीच युक्ती वापरतात, फक्त बादलीऐवजी हौद असतो.

जाळून मात्र ओळखू नका. आमच्या एका पोरानं काडी पेटवली होतीच.

वस्तूच्या तळाशी असलेल्या त्रिकोणाबद्दलही पोरांनी विचारलं. फिरत्या बाणांचं ते बोधचिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्यानं 1970 मध्ये एका स्पर्धेसाठी काढलं, तेही कागदाच्या पुनर्वापरासाठी. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं तसाच त्रिकोण घेऊन आत 1 ते 7 आकडे घातले. आकडा सांगतो ती प्लास्टिकची जात. वस्तू परत वापरात येईल असं तो कुठंच म्हणत नाही, पण बाण बघून आपण तसं समजून बसलो. 2013 मध्ये अमेरिकी मानकात बाण काढून नुसता त्रिकोण ठेवायचं ठरलं, तोवर बाण जगाच्या डोक्यात बसले होते. 2015 पर्यंतचा जगाचा हिशेब 2017 च्या एका अभ्यासात मांडला गेला, तो असा: 1950 पासून 830 कोटी टन प्लास्टिक बनलं, 630 कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्यातला पुन्हा वापरात आला सुमारे 9 टक्के.

वाकळीत सगळी मिळून दोन पोती गेली असतील. कचरा कमी करण्याचा उपाय म्हणून बघितलं तर हा विनोद आहे, आणि मी तसं कुणाला सांगितलंही नाही. पेट आणि दूधपिशव्यांची तीन पोती विकायला निघाली. न शिवता येणाऱ्या चकचकीत पुड्यांचं एक पोतं वेगळं राहिलं. त्यात गुटख्याच्या पुड्या सगळ्यांत जास्त. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी, त्यासाठी प्लास्टिकच्या पुडीला 2016 च्या नियमांनी बंदी, आणि पोरांनी वेचलेल्यात पहिला नंबर तिचाच. पुड्यांना वाकळीत घ्यायचं का, यावर बायकांची बरीच वादावादी झाली. शेवटी मधोमध हातभर चौकोन मोकळा ठेवला. “जे शिवता आलं नाही त्येची जागा,” आजी म्हणाली.

वाकळ उन्हात टांगायची नाही, एवढा माझा हट्ट सगळ्यांनी मानला. ती प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे.

पोती न्यायला भंगारवाले चाचा आले तेव्हा पोरांनी त्यांना ती दाखवायला आत नेलं. त्यांनी चष्मा वर केला, एक कोपरा दोन बोटांत चुरला, मग दुसरा. “ही एलडी. ही एचडी. ही पीपी. ही काळी बी एलडीच, पण ऊन खाल्लेली.” आमच्या आठ दिवसांच्या अभ्यासाला त्यांना मिनिटभर लागलं. परदेशातल्या कित्येक निवड-यंत्रांना काळं प्लास्टिक दिसत नाही, कारण काजळी त्यांचे अवरक्त किरण गिळून टाकते. चाचांच्या बोटांना ती अडचण नाही. मधल्या चौकोनापाशी ते थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. पोरांनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. त्यांनी तोंड उघडून आत हात घातला, मूठभर पुड्या काढल्या, परत टाकल्या, आणि सुतळी आमच्यापेक्षा घट्ट बांधून पोतं होतं तिथंच ठेवलं.

“हे फुकट दिलं तरी न्यायचं नाही,” ते म्हणाले, आणि बाकीची तीन पोती काट्यावर चढवली.