स्पॉरनचं पितळी तोंड: आधी कुलूप, मग दागिना

स्कॉटलंडचा बॅगपाईपवाला डोळ्यासमोर आणला की त्याच्या किल्टच्या, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्यासारख्या वस्त्राच्या, पुढे लोंबणारी ती केसाळ पिशवी पण आठवते, तिला स्पॉरन म्हणतात. शब्द तिथल्या गेलिक भाषेतला आणि अर्थ एवढाच की पैशाची पिशवी, आपण बटवा म्हणतो तसं. पण जुन्या हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली, स्पॉरन हाताने बनवायची म्हणून कुणी ती केसाळ बघून सुरुवात केली तर गाडी पहिल्याच वळणावर चुकते, कारण ते रूप बरंच नंतरचं आणि ते फौजेतून आलेलं. मूळ वस्तू दिसायला आपल्या पानतंबाखूच्या चंचीच्या जास्त जवळची आहे, मऊ कातड्याची, तोंडाशी दोरी ओवून आवळायची.

किल्टला खिसे नसतात, सगळं तिथून सुरू झालं. आधीचा मोठा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबलचक लोकरी कापड, चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं, त्यात पैसे ठेवणार कुठे? पट्ट्याला पिशवी लटकवायची पद्धत मध्ययुगात सगळ्या युरोपात होती, बाकीच्या ठिकाणी कपड्यांना खिसे आले आणि ती गेली, हायलँडमध्ये खिसे आलेच नाहीत म्हणून राहिली. कातडं हरणाचं किंवा वासराचं, आवळायला कातड्याच्याच वाद्या आणि त्यांच्या टोकाला गोंडे. हे गोंडे नुसती शोभा नव्हे बरं का, वादी ओढताना बोटांना पकड मिळते आणि भोकातून परत आत निसटत नाही.

मग साधारण 17व्या शतकाच्या शेवटाला आणि 18व्याच्या सुरुवातीला पिशवीच्या तोंडावर धातूची कमान दिसायला लागते. बनवणारे तिला कँटल म्हणतात. बहुतेक पितळेची, पैसेवाल्याची असेल तर चांदीची, अर्धगोल किंवा चौकोनी, दोन भाग बिजागरीने जोडलेले आणि वर कळ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे की कँटल हे आधी कुलूप आहे आणि नंतर दागिना. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्पॉरनवर वरची धातूची पट्टी नुसती चिकटवलेली असते, उघडतबिघडत काही नाही, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं कारण जुन्या कारागिराने सगळी अक्कल त्या कळीत ओतलेली असायची.

याचा कळस म्हणजे एडिंबराच्या नॅशनल म्युझियममधलं पितळ आणि पोलादाचं एक कँटल, त्याच्या आत चार छोटी पिस्तुलं लपवलेली आहेत. माहिती नसलेल्याने उघडायला हात घातला की बार उडणार, अशी योजना. वॉल्टर स्कॉटने 1817 मध्ये आलेल्या 'रॉब रॉय' कादंबरीत खुद्द रॉब रॉयला अशीच पिस्तूलवाली पिशवी दिलीय, एक बटण इकडे फिरवा, दुसरं तिकडे, एक खुंटी वर ओढा, एक खाली दाबा, तेव्हा कुठे उघडते. आणि तिथेच गोष्ट सांगणारा म्हणतो की कळीला हात न लावता पिशवी फाडता आली असतीच की! खरंय, चामडं सुरीने कापता येतं, पण कुलपाचं काम शंभर टक्के चोर अडवणं थोडंच असतं, गुपचूप हात घालणारा अडकला तरी पुरे.

आता जुनी परंपरा तुटली कशी ते. 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोर, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे पाठीराखे, हरले, त्यांच्यात हायलँडचे लोक बरेच, म्हणून ब्रिटिश सरकारने हायलँडचा पोशाखच बंद केला, कायदा 1746 चा, अंमल 1 ऑगस्ट 1747 पासून. पहिल्यांदा पकडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. कायद्यात स्पॉरनचं नाव घेऊन बंदी नाही, पण किल्टच गेला तर त्याच्या पुढची पिशवी घालणार कशावर. बंदी उठली 1782 मध्ये, म्हणजे 35 वर्षं, एक अख्खी पिढी. एवढ्या वर्षांत ज्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही ती बनवायला कोण कुणाला शिकवणार?

फौजेतल्या हायलँड पलटणींना मात्र सूट होती. त्यामुळे पोशाख जिवंत राहिला तो सैनिकांच्या अंगावर, आणि पुढे जो बदलत गेला तो परेडच्या हिशोबाने. (आपल्या जालना जिल्ह्यात असईला 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या 74व्या आणि 78व्या पलटणी या हायलँडच्याच, त्या लढाईसाठी त्यांना हत्तीचं मानचिन्ह मिळालं.) बकऱ्याच्या केसांची स्पॉरन आली, मग घोड्याच्या केसांची, व्हिक्टोरियाच्या काळात तर केस गुडघ्यापर्यंत यायला लागले, गोंडे किती आणि कुठल्या रंगाचे हे पलटणीवर ठरायचं, अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सचे सहा असायचे. कँटलवर पलटणीचा बिल्ला बसला आणि खरी पिशवी गेली मागे, लहानशी. म्हणजे कुलूप गेलं, दागिना राहिला.

त्यात 1822 च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, सगळा समारंभ स्कॉटनेच आखलेला, आणि राजा स्वतः किल्टमध्ये, त्या पोशाखाचं बिल झालं 1,354 पौंड! तेव्हापासून श्रीमंतांमध्ये या पोशाखाची फॅशनच झाली आणि नवीन स्पॉरन अजून अजून भपकेदार होत गेल्या.

म्हणून आज ज्यांना 18व्या शतकातली स्पॉरन करायचीय त्यांना शिकायला जुन्या वस्तूच आहेत, एडिंबराला किंवा फोर्ट विल्यमच्या वेस्ट हायलँड म्युझियममध्ये काचेपलीकडे ठेवलेल्या. मी पितळेचा पत्रा कापून एक केली त्यातलं एक सांगतो. कँटलच्या खालच्या कडेला ओळीने भोकं असतात, त्यातून कातडं शिवून घ्यायचं. मी भोकं ड्रिलने पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने छान घट्ट शिवलं आणि पंधरा दिवसांत शिवण सुटली. उलगडून बघितलं तर दोरा प्रत्येक भोकाशी कापलेला, कारण ड्रिलने भोकाच्या काठाला बारीक धार राहते आणि पिशवी दर वेळी उघडताना ती धार दोऱ्यावर घासते. मग एकेक भोक गोल कानशीने आतून-बाहेरून मऊ केलं, करंगळी फिरवून बघितली, आणि परत शिवलं. दोन वर्षं झाली, एक टाका हललेला नाही.

नक्षी सगळ्यात शेवटी. जुन्यांवर ती साधीच असते, रेघा, ठिपके, वर्तुळं, कोरणीने हाताने काढलेली, त्यामुळे दोन वर्तुळं तंतोतंत सारखी नसतात. पण त्याआधी बिजागरीचा खिळा बसवून कळ निदान शंभरदा उघडून-मिटून बघायची, अडकते का, सैल पडते का. कोरून झाल्यावर कळ दुरुस्त करायला कँटल ठोकावं लागलं तर नक्षी चेपते, आणि मग परत पत्रा कापण्यापासून सुरुवात.