सफारीकॉम

केनियातील सर्वांत मोठी मोबाइल कंपनी, मुख्यालय नैरोबी. १९९३ मध्ये सरकारी टपाल व दूरसंचार महामंडळाचा एक विभाग म्हणून तिची सुरुवात झाली. १९९७ मध्ये तो विभाग स्वतंत्र कंपनी झाला आणि २००० मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने ४० टक्के हिस्सा घेऊन कारभार हाती घेतला. तेव्हा ग्राहक वीस हजारही नव्हते. दहा वर्षांनी मुख्याधिकारी मायकेल जोसेफ पायउतार झाले, तेव्हा ग्राहक दीड कोटींवर गेले होते.

या वाढीचे श्रेय मनोऱ्यांपेक्षा किरकोळ विक्रीला अधिक द्यावे लागेल. प्रतिस्पर्धी केनसेल (आजची एअरटेल केनिया) मिनिटावर पैसे आकारत असे आणि तिचा डोळा बड्या गिऱ्हाइकांवर होता. सफारीकॉमने सेकंदावर आकारणी ठेवली. ‘पोहोचलो’ एवढेच कळवणाऱ्याला अख्ख्या मिनिटाचा भुर्दंड पडेना. रिचार्जची कार्डेही पुढे वीस आणि दहा शिलिंगांपर्यंत उतरली. ‘संबाझा’ सेवेमुळे आपल्या खात्यातला टॉकटाइम दुसऱ्याला देता येऊ लागला.

मार्च २००७ मध्ये आलेल्या एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने मात्र कंपनीचे रूपच पालटले. ‘एम’ मोबाइलचा, ‘पेसा’ हा पैशासाठीचा स्वाहिली शब्द, आपल्या ‘पैसा’चाच भाऊबंद. (तिथल्या दुकानालाही ‘दुका’च म्हणतात. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत भारतीय रुपया चालत होता, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.) सूक्ष्मकर्जाच्या हप्त्यांची परतफेड सोपी व्हावी म्हणून ब्रिटिश सरकारच्या मदतीने ही योजना आखली गेली. चाचणीत लोक तिचा वापर भलत्याच कामासाठी करताना दिसले: एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी. मग जाहिरातच झाली, ‘घरी पैसे पाठवा’. नैरोबीत राबणारा माणूस तोवर गावी पैसे बसचालकाच्या नाहीतर ओळखीच्या कुणाच्या हाती पाठवत असे.

व्यवहार साधा आहे. एजंट आधी बँकेत रक्कम भरून तेवढी शिल्लक आपल्या फोनवर घेतो. गिऱ्हाईक रोख देते, एजंटची शिल्लक घटते, गिऱ्हाइकाची वाढते. पैसे काढताना याच्या उलट. एजंटला कमिशन मिळते. साधा बटणांचा फोन आणि पिन पुरतो, इंटरनेट लागत नाही. लोकांची ठेव कंपनीकडे नसते, ती बँकेतील विश्वस्त खात्यात राहते. एजंटची खरी डोकेदुखी वेगळीच. शहरात लोक पैसे भरतात, खेड्यात काढतात. त्यामुळे खेड्यातल्या एजंटची रोकड संपते आणि त्याला बँकेचा रस्ता धरावा लागतो.

२००८ मध्ये सरकारने २५ टक्के समभाग पाच शिलिंगांना एक या भावाने विक्रीस काढले. मागणी कित्येक पट आली, लोकांनी कर्ज काढून अर्ज भरले. काही महिन्यांतच भाव पाचाखाली घसरला.

कंपनीच्या मक्तेदारीवर केनियात टीका होत आली आहे. एम-पेसाच्या एजंटांना इतर कंपन्यांचे काम करण्याची मनाई होती; स्पर्धा आयोगामुळे ती २०१४ मध्ये उठली.

बाहेर हे यश सहजी रुजले नाही. व्होडाफोनने २०१३ मध्ये भारतात आणलेले एम-पेसा २०१९ मध्ये गुंडाळले. सफारीकॉम २०२२ मध्ये इथिओपियात उतरली, पण तेथे सरकारी इथिओ टेलिकॉमची टेलिबिर ही एम-पेसासारखीच सेवा वर्षभर आधीच सुरू झाली होती. एम-पेसाला तिथला परवाना मिळायला २०२३ उजाडले.