पांढरीतून निघालेला छंद

मोठे दोन-तीन पाऊस झाले की सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांत काही मंडळी पांढरीकडे वळतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, उकिरडा, सगळं मिळून झालेली ही माती. पाण्यानं वरचा थर धुपला की मणी, खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा आणि नशीब जोरावर असेल तर एखादी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, उघडी पडते. हल्ली काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही दिसतो.

हा नाद कुणी शौक म्हणून सुरू केला नाही. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती टाकायची, ती गावाबाहेरच्या टेकाडातून खणून आणायची. त्या खणण्यात वस्तू निघत. पोरं मणी ओवत, बायका तांब्याचे तुकडे मोडीत घालत. कुणी काही जपून ठेवलं तर ते देवघरात.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मात्र वेगळं घडलं. पूर्वेकडच्या सागरी व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ग्रीक प्रवासग्रंथातलं तगर ते हेच गाव. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोकांना टाकाऊ वाटणाऱ्या या वस्तू गोळा करायला घेतल्या. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. त्यातली हस्तिदंती बाहुली पाँपेईत सापडलेल्या बाहुलीची बहीण शोभावी अशी आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवून संग्रहालय उभं केलं, पण ती वाट घरोघरच्या माळ्यांवरून जाणारी. लामतुऱ्यांची मातीतून गेली.

मातीतल्या वस्तूवर कायद्याचा डोळा फार आधीपासून आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. दुसरा हक्कदार पुढे आला नाही तर साधारणपणे तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जमीनमालकाला. लपवली तर हिस्सा गेलाच, वर कैद. दहा रुपयांची ती रेघ अजून तशीच आहे, याची गंमत वाटते. पुढे १९७२ चा पुरावशेष कायदा झाला आणि १९७६ मध्ये लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागू लागला, ती परदेशी नेणं खासगी माणसाला बंद झालं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं तर गुन्हाच. भुईकोटात डिटेक्टर घेऊन फिरायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर आताच काढून टाकावी.

सोलापूरचा सगळ्यात मोठा 'शोधक' माझ्या मते एकही वस्तू घरी न आणणारा होता. आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातले शिलालेख हुडकण्यात आयुष्य घातलं. यातले बरेच लेख जुन्या कन्नडमध्ये. ठसा घ्यायचा, वाचायचा, दगड होता तिथंच ठेवायचा. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख प्रकाशात आणण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. त्यातली 'वाछि तो विजेया होऐवा' ही ओळ आद्य मराठी लेखांत गणली जाते: जो वाचील तो विजयी होईल. तो दगड उचलून कुणाच्या दिवाणखान्यात गेला असता तर हजार वर्षांपूर्वी संगमावर मराठी लिहीत होते, हे आपण कशाच्या आधारावर म्हणालो असतो?

नाण्यांच्या बाबतीत तर ती कुठं सापडली, हेही कळायला मार्ग उरत नाही. मागे एका भंगारवाल्याकडे डब्यात तीस-चाळीस शिवराया दिसल्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', अक्षरं निम्मी नाण्याच्या कडेबाहेर गेलेली. काही चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या. त्यानं भाव वाढवायला घासल्या होत्या, आणि त्यामुळंच जाणकार गिऱ्हाईक त्यांना हात लावणार नव्हतं. वरचा हिरवट-काळा थर गेला की नाण्याचं वय पुसलं जातं.

मी विचारलं, "कुठली ही?"

"गोणीतली," तो म्हणाला.